तव्याचा थर

१० नोव्हेंबर २००८, आमगाव
अंजना काल तिरोड्याला भावाकडे निघून गेली. कारण उघड आहे: तवा. शनिवारी मी तिचा वीस वर्षांचा लोखंडी तवा पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला. ती त्या काळ्याला थर म्हणायची, मी घाण म्हणालो. आज पुस्तक पाहिलं. थरच होता. तेलाचे रेणू तापले की लोखंडाला धरतात, मग एकमेकांना. असो. केमिस्ट्रीच्या मास्तराला वीस वर्षांचं काम आठवड्याचं. रविवारी तिला घेऊन येतो.
घर शांत. अभ्यासाला उत्तम.

११ नोव्हेंबर
जवसाचं तेल आणलं. अगदी पातळ हात फिरवा, म्हणतं पुस्तक. पुस्तक लिहिणाऱ्याची बायको घरी असणार. मी वाटीभर ओतलं.

१२ नोव्हेंबर
तवा चिकट. वरचं झाकण निघत नाही. म्हणजे रेणू धरतात, एवढं सिद्ध झालं.
शेजारच्या फुलवंताबाई कुंपणावरून म्हणाल्या, का मास्तर, तवा कायले घासून राहिले, बायकोले फोन करा. सायन्स न शिकलेल्यांशी वाद घालू नये.

१४ नोव्हेंबर
पुन्हा घासला. पाच पातळ थर. काळाभोर! आनंदाच्या भरात त्याच्यावरच अंबाडीची भाजी केली. आंबटाने सगळा थर उतरवला. आम्ल लोखंडाचं काय करतं, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो. भाजी काळी झाली. खाल्ली. नावं ठेवायला समोर कोणीतरी लागतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
तिरोडा रद्द. तवा अपुरा असताना जाणं बरं नाही.
दुधवाल्याला दोनदा थांबवून हवापाणी विचारलं. त्याला घाई होती. नंतर दिवसभर कोणाशीच बोललो नाही. फार एकटं वाटलं. थंडीमुळे असेल.

२० नोव्हेंबर
थर. गार होऊ देणे. थर. संयम माझा स्वभावच आहे.

२३ नोव्हेंबर, सकाळी ९
यश! तांदळाचं धिरडं अख्खं सुटलं. लगेच फोन लावला. अंजनाला वीस मिनिटं सगळी प्रक्रिया समजावली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तव्यासाठी कोणी घर सोडते का, त्या शनिवारी मले ताप होता, दोनदा पाणी मागतलं, तुमी तवा घासून राहिले होते.
८ नोव्हेंबरचं पान काढून पाहिलं. तव्यावर दीड पान आहे. तापाचं एक अक्षर नाही.