गुंजीच्या पोटातलं वासरू

११ जानेवारी

गुंजी गाभण आहे! जितू हात धुता धुता म्हणाला, "तीन महिनानी शे, वहिनी." जितू म्हणजे जितेंद्र. मोटारसायकलला गोठवलेल्या रेताचा डबा बांधून गावोगाव गायी भरवतो. गुळाचा खडा आणायला मी वळले, तोच तो पुढे म्हणाला, "होल्स्टीननं वासरू शे. दूधना पूर येई!"

होल्स्टीन? ते काळं-पांढरं परदेशी धूड? आणि आमची निमाडी कालवड, पहिलटकरीण, जेमतेम माझ्या कमरेला लागते! हिची आई, आजी, सगळ्या निमाडी वळूकडेच गेल्या. ही माजावर आली तेव्हा मी माहेरी फैजपूरला होते. नाहीतर गोठ्याच्या दारात आडवी पडले असते.

"कुणी सांगितलं होतं हे?" मी विचारलं. माझे सासरे, आबा, दोर वळत बसले होते. जितू तोंड उघडणार, तेवढ्यात कुंदन म्हणाला, "मीच."

नवऱ्याचं नाव फक्त इथे लिहिते, तोंडानं 'अहो'च. आज तेही निघालं नाही.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. तीळगूळ दिला, गोड बोलणं काही जमलं नाही.

नवल आबांचं वाटतं. शेजारच्या संकरित गाईकडे हा माणूस नजर वर करून बघत नाही. "वशिंड नही ते जू कोठे ठेवानं?" हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. आता स्वतःच्या दावणीला हे झालं, तर सासरे गप्प! पोरापुढे हात टेकले असतील.

२ मार्च

सुरतेहून नवलभाऊंचा फोन. कुंदनचा चुलतभाऊ. तिकडच्या कारखान्यात जागा आहे म्हणे. कुंदन म्हणाला, गाय व्यायल्यावर बघू, दूध सुरू झालं तर इथेच भागेल. आबा भाकरी मोडत होते. आणखी एक मागून घेतली — बऱ्याच दिवसांनी.

म्हणजे दुधासाठीच केलं यानं. जितूला गाठून विचारणार होते, पण नवऱ्याची चौकशी परक्याकडे कशाला?

९ मे

ऊन मी म्हणतंय. शेजारच्या संकरित गाईला पंखा लावलाय, वर ओली पोती. तरी जीभ बाहेर. आमची गुंजी निंबाखाली रवंथ करत उभी. तिचं तांबडं अंग उन्हाला दाद देत नाही.

पोटातलं कुणावर जाईल? माझ्या माहेरी केळीच्या बागेत सगळी झाडं एकसारखी, एक झाकावं आणि दुसरं काढावं. इथे तसं नाही. जो तो 'होल्स्टीनचं वासरू' म्हणतो. अर्धं गुंजीचंही आहे, हे कुणी धरतच नाही! मी तिच्या कानात तेवढं सांगून आले.

२७ जून

पोट एका अंगाला एवढं उतरलंय की बघवत नाही. चालताना थांबते. जितू आला, मान खाली घालून बघत राहिला. म्हणाला, "पहिलं वेत शे. एवढी मोठी जात नको व्हती, मी सांगं व्हतं." मी कुंदनकडे बघितलं. तो ढेप भिजवत होता, भिजवतच राहिला.

मला भीती वाटते. सरळ लिहिते — गुंजी मरेल अशी भीती वाटते.

८ जुलै

सकाळपासून कळा. पुढचे पाय दिसले, नाक दिसलं, आणि वासरू खांद्याशी अडकलं. एरंडोलचे डॉक्टर आले. दोर बांधून जितू आणि कुंदन ओढत होते. आबा गुंजीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती.

दुपारी सुटलं. जिवंत आहे. कालवड! काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा.

गुंजी उठत नाही. डॉक्टर म्हणाले, "वासरू मोठं होतं. मागच्या पायांच्या नसा दबल्यात. वाट बघू."

१० जुलै

पोटाखाली पोतं घालून चौघांनी उचलून बघितलं. मागचे पाय लोळागोळा. चीक मात्र भरपूर आहे. आडवी असतानाच काढला, वासराला बाटलीनं पाजला. गुंजी मान लांब करून त्याला चाटते.

१३ जुलै

गेली.

१४ जुलै

शेतात खड्डा केला. मीठ पसरलं. हळदकुंकू वाहिलं, माझी हिरवी साडी अंगावर घातली. घरी आल्यावर मला राहवलं नाही. आबांच्या देखत कुंदनला म्हणाले, "तुमच्या हावेनं मारलं तिला. मिळालं दूध?" आबा उठून बाहेर गेले. कुंदननं गुंजीचं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं.

१९ जुलै

कुंदन आज सुरतेला गेला. मी डबा दिला. दारापर्यंत गेले नाही.

२१ जुलै

आबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आज मी वासराला बाटली लावून बसले होते, तर समोर येऊन बसले.

"माय, कुंदनले बोलू नको. जितूले मीच सांगं व्हतं. सगळ्यात जास्त दूध देस ती जात टाक, म्हटलं. मले त्या जाती काय माहीत! दूध व्हई ते पोऱ्या घर ऱ्हाई, म्हनीसन."

एवढं बोलून रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

कुंदनला फोन लावला. म्हटलं, "आबांनी सांगितलं सगळं." पलीकडे यंत्रांचा आवाज होता. तो म्हणाला, "आबा जेवनात का?"