मागच्या गेटचं रजिस्टर

प्रिय ताडमाड,

हे नाव वाचून पत्र फाडू नकोस. दुसरं नाव लिहायला हात वळेना. नऊ वर्षं तुला याच नावानं हाक मारली आणि पुढची बावीस वर्षं मारलीच नाही. पत्ता तुझ्या नणंदेकडून काढला. तिनं दारातच उभं करून इतकी उलटतपासणी घेतली, की मी तुझं घर फोडायला निघालेय की काय असं मलाच वाटायला लागलं. फोन करणार होते. पण फोनवर तू गप्प राहशील आणि मी बडबडत सुटेन, म्हणून लिहितेय. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लावून घे.

आपली हॉस्पिटलची लाँड्री आता कंत्राटदाराकडे आहे. नवं मशीन आलंय, एका बाजूनं चादर घातली की दुसरीकडून घडी होऊन बाहेर पडते. आता जोडी लागत नाही. मी कडेला स्टुलावर बसून फाटक्या चादरी निवडते. गुडघे कामातून गेलेत. मुकादम मेला, शेवटपर्यंत खेकसत मेला. आपल्या संपाची पुढारीण मात्र आहे अजून, दात गेले पण जिभेची धार तशीच. दर मंगळवारी आम्ही चार जुन्या बायका तिच्या ओट्यावर जमतो आणि एकमेकींची दुखणी ऐकून कंटाळतो.

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातली एक मुलगी आली. इतिहासात संशोधन करते म्हणाली. सरकारी हॉस्पिटलांत हातानं काम केलेल्या बायकांचा इतिहास लिहायचाय, त्यासाठी सरकारनं विद्यापीठाला पैसे दिलेत. मी तोंडावर म्हटलं, बाई, सरकारकडे आमच्या हातमोज्यांना पैसे नव्हते, आमच्या गप्पांना बरे आले! ती म्हणाली, हेच बोला मावशी, एक मिनिट, मशीन चालू करते. मला वाटलं डोकं फिरलंय पोरीचं. दोन दोन तास नुसती ऐकत बसायची. आम्ही तिचं नाव कानवाली ठेवलं. एकदा म्हणाली, जोडीनं घडी कशी घालायची ते दाखवा. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी चादरीची टोकं धरून उभ्या राहिलो. तिचं टोक सारखं खाली यायचं, मी सारखी ओरडायचे. तेव्हा तिनं विचारलं, तुमची जोडीदारीण कोण होती? मी म्हटलं, होती एक, माझ्याहून दीड हात उंच. आणि विषय बदलला.

पण ती संपाच्या विषयावर आलीच. येणारच होती. मग मी सगळं सांगितलं: मळक्या चादरींच्या ढिगात सुया निघायच्या, तुझं बोट तीन आठवडे सुजून पिकलं, तरी वर हातमोजे मागितले की हसायचे. बत्तीस बायकांनी मिळून काम बंद ठेवलं. आणि सातव्या दिवसापासून पाचव्या वॉर्डात धुतलेल्या चादरी दिसायला लागल्या. कुणीतरी पहाटे मागच्या गेटनं आत जाऊन मशीन चालवत होतं. साहेबांना तेच हवं होतं. बघा, लाँड्री चालतेय, म्हणाले, आणि अकराव्या दिवशी संप मोडला. चार जणींना घरी बसवलं. हातमोजे आलेच नाहीत. कानवालीनं विचारलं, आत कोण गेलं होतं? मी म्हटलं, माझीच जोडीदारीण. पुढारणीच्या लेकीनं पाहिलं होतं, तुझं राखाडी स्वेटर. मशीनचा लाल दिवा चालू होता. मी एका दमात सांगितलं, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. इतकी वर्षं बोलून बोलून ते तोंडात बसलं होतं.

चार महिन्यांपूर्वी कानवाली परत आली. हॉस्पिटलच्या तळघरात तिला जुनी रजिस्टरं सापडली होती, अर्धी उंदरांनी खाल्लेली. एका पानाचा फोटो तिनं माझ्यासमोर ठेवला. मागच्या गेटच्या वॉचमनची वही. पाच दिवस, पाच ओळी, पाच सह्या. माझ्या. शेवटच्या अक्षराला मी शेपूट काढते ती तुला ठाऊक आहे. तिनं नुसतं त्या सह्यांवर बोट ठेवलं. वर काही बोलली असती तर मी भांडले असते. मी चहा टाकला, उतू घालवला आणि तिला म्हटलं, आज तू जा.

आई पाचव्या वॉर्डात होती, हे तुला मी सांगायची गरज नाही. तूच पहिल्या आठवड्यात तिला बघून आली होतीस. सहा दिवस एकाच चादरीवर. त्या चादरीची काय दशा होती ते मी लिहीत नाही. एका म्हातारीची चादर धुवायला मशीन लावायचं म्हणजे सगळा वॉर्ड धुवावा लागतो. थंडी होती, तुझं स्वेटर माझ्याकडे राहिलेलं, ते घालून गेले. चादरींच्या ढकलगाडीमागे वाकल्यावर कोण ताडमाड आणि कोण बुटकी! दिसलं ते स्वेटर. संप मोडला त्याच दिवशी आई गेली. स्वच्छ चादरीवर गेली. त्याबद्दल मला कुणी काही म्हणू नये, आजही मी तेच करीन.

पण पुढचं तसं नाही. बायकांनी तुला मध्ये उभं केलं आणि विचारलं, स्वेटर कुठाय तुझं? तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, हरवलं. बस्स. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आईला पोचवून मला तीन दिवस झाले होते, बायका मलाच धरून धरून रडत होत्या, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून गप्प राहिले. मग तुझ्या चादरीचं दुसरं टोक कुणी धरेना. मीही धरलं नाही. महिनाभर तू भिंतीच्या खिळ्याला टोक अडकवून एकटी घड्या घालत होतीस, आणि मग एक दिवस आलीच नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला तीन कागद लागले.

आता कानवालीचं काम बंद होतंय. तीन वर्षांसाठी मंजूर झालेलं, दोनावर आणलं. वर कुणीतरी विचारलं म्हणे, धुणंभांड्याच्या गोष्टींतून देशाला काय मिळणार? मीही हेच विचारलं होतं की पहिल्या दिवशी. गेल्या आठवड्यात मी तिच्या खोलीत गेले. जिन्याखाली दोन टेबलं, कंप्युटर नेलेला, सगळीकडे खोकी. पोरगी दमली होती, खोक्यावरच बसली. महिनाअखेर सगळ्या टेपा लायब्ररीत जाणार आणि तिथं कुणीही येऊन ऐकणार. म्हणजे माझी नातवंडं म्हातारी होतील, तरी माझी थाप ठणठणीत. मी म्हटलं, मशीन लाव. आणि खरं सांगितलं, अडखळत. मग म्हटलं, आता पहिली पूस. तर ती म्हणते, पुसता येत नाही मावशी, दोन्ही शेजारी शेजारी राहतील. मी चिडले, म्हटलं, तुझं शिक्षण गेलं खड्ड्यात, माझी अब्रू जातेय. ती म्हणाली, आणि इतकी वर्षं कुणाची गेली? मी तिच्या खोक्याची दोरी आवळायला घेतली. 

या मंगळवारी ओट्यावर सांगून टाकलं.  पुढारणीनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. बाकीच्या दोघी चपला शोधायला लागल्या. असो. सोबत एक छापील कागद आहे, त्यासाठीच हे सगळं. दोन्ही टेपांत तुझी गोष्ट आहे, म्हणून तुझी सही लागते. सही नसेल तर तेवढा भाग कुलपात, खोटं आणि खरं दोन्ही. त्यांच्या नियमात आपल्याला नुसते नंबर असतात. मी माझ्या नंबरापुढे माझं पूर्ण नाव घालायला सांगितलंय. तुझं घालायचं की नाही ते तू ठरव. तुला स्वतः काही बोलायचं असेल तर कानवाली यायला तयार आहे, पदरचं भाडं खर्चून. माझ्यावर दया म्हणून सही करू नकोस, आणि माझ्यावरच्या रागानं अडवूनही ठेवू नकोस. करायची नसेल तर कागद कोराच परत पाठव, पण पाकिटावरचा पत्ता मुलाला लिहायला लावू नकोस. तो तुझ्या हातानं लिही.

तुझीच, आता लपायला जागा नसलेली,
बुटकी