आई हाच माझा विषय

ती. वन्संना,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात वाकलेले नाही; का धरली ते पुढे येईलच). तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे तुमचे भाऊ ठणठणीत आहेत आणि आई त्यांच्याहून ठणठणीत आहेत, असं आईंचं म्हणणं.

मी फोटोग्राफीच्या वर्गाला जाते हे तुम्हाला कळलंच असेल (कोणत्या शब्दांत कळलं असेल, याचीही कल्पना आहे). चपलांच्या दुकानात दिवसभर लोकांचे पाय बघून वाटलं, घोट्याच्या वरही जग असेल, तेही बघावं. आमच्या मास्तरांनी चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. आता कुणी सरळ समोर बघत उभं राहिलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांनी फर्मान काढलं : विषय एकच, मांडण्या बारा. वरून, खालून, जवळून, लांबून, दारातून, नुसती सावली, काय वाट्टेल ते. पण विषय बदलायचा नाही, आपण हलायचं. मी आधी स्टूल निवडलं होतं. त्यावर तुमचे भाऊ पेपर घेऊन बसले ते उठेचनात. मग म्हटलं, आईच बऱ्या.

आणि इथेच घात झाला. जेवताना मी तुमच्या भावांना सांगत होते की आता आठवडाभर आई हाच माझा विषय, सगळ्या बाजूंनी घेणार, अजिबात सोडणार नाही. आई आत स्वयंपाकघरात होत्या. दोन दिवस अबोला! तिसऱ्या दिवशी भांड्यांना सांगावं तसं म्हणाल्या, "माझा विषय काढायचा तर माझ्यासमोर काढावा माणसानं." मी कॅमेरा पुढे करून म्हटलं, "तुमच्यासमोरच काढायचाय हो!" त्यानं प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी तुमच्या भावांनी मध्यस्थी केली (लग्नानंतर पहिल्यांदाच उपयोगी पडले, नोंद घ्यावी).

समेट झाल्यावर मात्र आई अशा रंगात आल्या की विचारू नका. अट एकच, बसून फोटो काढायचा नाही. बसलेली बाई आजारी दिसते म्हणे. वरून काढायला मी ओट्यावर चढले, तर नुसता भांग आला. तो तुमच्या भावांनी उलटा धरून "ही कुठली पायवाट?" असं विचारलं. खालून काढायला फरशीवर आडवी झाले, तेवढ्यात शेजारीण आली. तिला वाटलं मला भोवळ आली, म्हणून तिने भांडंभर पाणी माझ्या तोंडावर ओतलं (कॅमेरा वाचवायला जी गिरकी घेतली, तीत कंबर गेली). पातेल्याच्या झाकणातलं प्रतिबिंब घेतलं, तर त्यात नाक एवढं मोठं आलं की आई म्हणाल्या, "हा तर माझ्या मुलाचा फोटो." खिडकीच्या गजांतून घ्यायला रस्त्यावर उभी राहिले, तर पोस्टमनही शेजारी उभा राहून आत डोकावू लागला. अशा बारा मांडण्या झाल्या. मास्तर खूश आहेत. येत्या रविवारी बाराही फोटो वर्गाच्या भिंतीवर लागणार आहेत. तुम्ही यावंच, चांगलं आठ दिवस राहायला यावं.

तुमची भावजय

ता. क. वन्सं, आमंत्रण हे निमित्त आहे. फोटो टेबलावर ओळीने मांडले तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, यांचा डावा हात बघा." (जन्मभर लोकांना 'हात खाली' सांगत आले, त्यांना हातच आधी दिसतात.) भांगाचा फोटो सोडला, तर बाकी सगळ्यांत आईंनी काही ना काही धरलेलं आहे. ओटा, दाराची चौकट, खिडकीचा गज, फ्रीज. एका फोटोत नुसती सावली आहे, तर तिनेही कपाटाच्या सावलीला धरलंय. मी आधी हसले, मग हसता येईना. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा पडतो. दर महिन्याला मी तो घासते आणि "कोण हात पुसतं भिंतीला?" म्हणून घर डोक्यावर घेते. तो आईंच्या हाताचा आहे. मला फार लाज वाटली हो. दिवसभर परक्यांची पावलं बघते, आणि घरातली अडखळणारी पावलं मला दिसली नाहीत. डॉक्टरांचं नाव मी काढलं तर पुन्हा अबोला होईल. तुमचं त्या ऐकतात. लवकर या आणि तुम्हीच सांगा.

आणखी ता. क. हे अक्षर माझं, आईचं. ही पाकीट शोधायला गेली आणि पत्र उघडं टाकून गेली, म्हणून वाचलं. चार महिने झाले, उभी राहिले की जमीन जरा सरकते. बोलले असते तर हिने वर्ग सोडून घरी बसण्याचा हट्ट धरला असता. दुकान सोडलं तर तेवढ्या एकाच ठिकाणी जाते ती. तू धावत येऊ नकोस, आधी तुझे गुडघे सांभाळ. सोमवारी मी दवाखान्यात जाईन, हिच्याबरोबर. पाकीट मीच बंद करते आहे. तू फक्त हिला एवढं कळव की त्या दिवशी कॅमेरा घरी ठेव. मला हिचा हात धरायचा आहे, आणि ते मी हिला कोणत्या तोंडानं सांगू?