प्रश्न सात ते चौदा

मी, सरस्वती धर्मराज म्हात्रे, वय ४६, धंदा अध्यापन व संशोधन, अविवाहित, राहणार घणसोली, तालुका व जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातला आजार बरा होणारा नाही. डोके मात्र ठीक आहे. माझा धाकटा भाऊ जयदेव त्याबद्दल शंका काढील, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घणसोली गावठाणातले कौलारू घर मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिले. त्याच दिवशी ठाण्याची जागा जयदेवाला मिळाली, हे तो हल्ली विसरतो. हे घर माझ्यामागे जमुना हिरामण मढवी, वय २८, हिला पूर्ण मालकीने मिळावे. जमुनाचा डावा पाय लहानपणी तापात गेला. माझ्या पडवीत ती जाळी विणते व गावातल्या सहा तरुण मुलामुलींना विणायला शिकवते. त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही, एकीचा उजवा हात चालत नाही. पडवी गेली तर हे सातहीजण पुन्हा आपापल्या घराच्या कोपऱ्यात जातील. हे मृत्युपत्र मी मुळात एवढ्यासाठी करत आहे.

बेलापूर रस्त्याला कारखाने आल्यापासून जयदेवाला इथे भाड्याच्या खोल्या दिसू लागल्या आहेत. गेल्या महिन्यात येऊन म्हणाला, "ताई, लंगडीच्या नावावर घर करतेस? सांभाळणार कशी ती?"

मी म्हटले, "दोन पायांवर तू काय सांभाळलंस ते सांग आधी."

तो अर्धा चहा टाकून गेला. तो कप आणि बशी त्याला द्यावी. आणखी काही नाही.

२. ओट्याच्या तीन पायऱ्या काढून मी मार्चमध्ये दगडी उतरण करून घेतली. "वडिलांच्या पायऱ्या" म्हणून कोणी त्या परत घालू नयेत. वडील त्या पायऱ्यांवरून दोनदा पडले होते.

३. पोस्टातली शिल्लक कौले आणि जाळ्यांचे सूत यांसाठी वापरावी. माझ्या अंत्यविधीवर त्यातले फार जाऊ नये.

४. आता कागद. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

सन १९५४ मध्ये मी मुंबईच्या ज्या संस्थेत नोकरीला होते, तिचे नाव या कागदावर मी येऊ देणार नाही. तिने खाडीकाठच्या पाच गावांत रोजगाराची पाहणी केली. मी या गावची, म्हणून ही गावे माझ्याकडे. प्रश्नांचे तक्ते संस्थेच्या संचालकांनी स्वतः तयार केले होते. सहावा प्रश्न, शरीरात व्यंग आहे का. खाली बारीक अक्षरात सूचना: उत्तर 'होय' असल्यास प्रश्न सात ते चौदा विचारू नयेत. सातवा प्रश्न होता, आपण काय काम करता.

बाळाराम धर्मा पाटील यांचे डोळे लहानपणीच देवीत गेले. खारीच्या बांधाला जी उघाडी आहे, म्हणजे शेतातले पाणी खाडीत सोडायचा दरवाजा, तिच्या फळ्या ते वर्षानुवर्षे ओहोटीला उचलत, भरतीआधी टाकत. फळीवर तळवा ठेवून पाणी कधी फिरले ते सांगत. मी पाच वर्षांची असताना त्यांनी माझा तळवा त्या फळीवर ठेवला होता. आणि मी, त्यांच्यासमोर बसून, सहाव्यापुढे 'होय' लिहिले, आठ रकाने एका आडव्या रेघेने कापले.

"जाला? एवराच?" ते म्हणाले.

"एवढंच, काका," मी म्हटले.

अशा एक्केचाळीस माणसांवर मी रेघ मारली. त्यांत पंधरा वर्षांची जमुनाही होती. अहवालात माझेच वाक्य आहे: 'हे सर्व कामास असमर्थ व पूर्णतः परावलंबी आहेत.' त्यावर मला डॉक्टरेट मिळाली, संचालकांच्या हस्ते शाल मिळाली.

सन १९५९ च्या पावसाळ्यात बाळारामकाका तापाने पडले. उघाडीवर चांगला डोळस माणूस बसवला. त्याने फळ्या उशिरा टाकल्या, खारे पाणी आत आले, दोन वर्षे भात झाले नाही. काका बरे झाल्यावर फळ्या पुन्हा त्यांच्याच हाती आल्या. तेव्हा माझे डोळे उघडले असे लिहिले तर ते खोटे होईल. मला आधीपासूनच ठाऊक होते.

सन १९६१ मध्ये जमुनाला बरोबर घेऊन मी राहिलेले प्रश्न विचारले. चार माणसे वारली होती. छत्तीसांनी उत्तरे दिली. एकतीसजण काम करत होते, काहींच्या जिवावर घर चालत होते. बाळारामकाकांनी तेवढी उत्तरे दिली नाहीत. "तवा इचारलास नाय, आता कनाला?" त्यांचा तक्ता कोरा आहे.

मी गठ्ठा संचालकांपुढे ठेवला. त्यांनी सुतळी सोडली नाही. "बाई, तुम्ही फार हळव्या. आणि अहवाल छापून झालाय." छापून झाले की या गृहस्थांच्या लेखी माणूस तसाच व्हायला हवा. मी राजीनामा दिला. त्यांनी तोही हळवेपणात जमा केला.

पुढच्या वर्षी कारखान्यांच्या नोकरभरतीच्या कचेरीत जमुना गेली. कारकुनाने अहवालावरून केलेल्या यादीत बोट फिरवले. "तू असमर्थांत आहेस. काम कसं करशील?" त्या दुपारी तो जे मासे खाऊन आला होता ते कोणी विणलेल्या जाळ्यातले, हे विचारायला त्याच्याकडे तक्ता नव्हता.

सबब, १९६१ चे तक्ते, लोखंडी पेटी व माझे फाउंटन पेन जमुनाला द्यावे. तिने दरवर्षी तक्त्यांची नक्कल त्या कचेरीत द्यावी. ते वाचणार नाहीत. पोच घ्यावी.

५. संचालकांना सहाव्या प्रश्नाखालच्या छापील सूचनेचे पान काचेच्या चौकटीत घालून पाठवावे. शोकसभेत बोलण्याची त्यांना हौस आहे. माझी शोकसभा होऊ नये. शाल बाळारामकाकांना द्यावी. उघाडीवर पहाटे वारा असतो.

६. या मृत्युपत्राची व्यवस्थापक जमुना राहील. वकील म्हणाले, कोर्टात खेपा घालाव्या लागतात. ती माझ्याबरोबर पाच गावे फिरली आहे. वकिलांनी त्यांतले एकही पाहिलेले नाही.

७. साक्षीदाराने सही होताना पाहावी लागते असे कायदा म्हणतो, म्हणून डोळस दोघे घेतले आहेत. तिसरे नाव कायद्याला नको असेल, मला हवे आहे. त्या नावापुढे धंद्याची जागा मी कोरी सोडते. त्यांनी सांगितला तर जमुनाने भरावा. नाही सांगितला तर रेघ मारू नये.

मुक्काम घणसोली, तारीख १२ नोव्हेंबर १९६७.

(सही) सरस्वती धर्मराज म्हात्रे

साक्षीदार:

१. गोटीराम नारायण भोईर, वय ५२, धंदा मिठागरावर मुकादम. (सही)

२. मालतीबाई शांताराम ठाकूर, वय ३९, धंदा शिक्षिका. (सही)

३. (जमुनाच्या हातचे) बाळाराम धर्मा पाटील, वय ६४. सही होताना ऐकली. लेखणी दोनदा थांबली असे सांगतात. धंदा: "उघारी राखतो. चालीस वरसां. लिव." (डाव्या हाताचा अंगठा)