औंढ्याच्या राईतली माती

कान्हे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय झुबेर,

अस्सलामु अलैकुम. अम्मीचे गुडघे थंडीपासून कुरकुरतायत, बाकी खुशाली. रमजान तोंडावर आलाय, येताना सब्जा आण म्हणते. रुमाईसा आणि लेकरं बरी असतील. तू माझे फोन कट करतोस म्हणून कागदावर लिहिते. कागद कट होत नाही.

काल औंढ्याला गेले होते, तुमच्या संस्थेच्या उतारावर. फलक झकास रंगवलाय. त्याच्याखाली करंज, आपटा, जांभूळ, सगळ्यांच्या काड्या झाल्यात. दिवाळीपासून टँकरने पाणी घालताय म्हणे. मुरमात पाणी टिकतं होय? आधी तिथली माती जेसीबीने खरवडून बंगल्यांच्या हिरवळीसाठी नेली, आता त्याच उघड्या मुरमावर वृक्षारोपण. कातडं सोलायचं आणि वर पावडर लावायची, त्यातली गत.

टपरीवर चहा घेत होते, तर टपरीवाला नथू मला ऐकवतो, "कान्ह्याच्या नर्सरीची रोपंच रोगट व्हती. संस्थेच्या मानसानंच सांगितलं." कुठल्या माणसाने, ते मी विचारलं नाही. चहा संपवला आणि निघाले.

माझ्या नर्सरीतल्या त्या रोपांसाठी मी देवीची राई राखणाऱ्या बयाबाई मावशींकडे गेले होते, हे तुला ठाऊक आहे. राईतलं वाळलं पानसुद्धा कुणी बाहेर नेत नाही. मावशींनी देवीला कौल लावला. उजवा कौल आला, तेव्हा अनवाणी आत जाऊन त्यांनी स्वतः पाटीभर माती उकरून आणली. "पोरी, झाडाची माती झाडालाच चाललीया, देवी न्हाई कशाला म्हनंल," म्हणाल्या. ती माती मी प्रत्येक पिशवीत मुठीमुठीने घातली. लावणीच्या वेळेपर्यंत मुळांभोवती पांढरे बारीक धागे पसरले होते. ते बघून मी नर्सरीत एकटीच हसत होते.

लावणीच्या दिवशी तुझ्या साहेबाने एक पिशवी फाडली, "बुरशी लागलीय," म्हणाला आणि सगळ्या रोपांना औषध मारायला लावलं. झुबेर, पंप तुझ्या पाठीवर होता.

साहेबाला मी माफ करेन. त्याला पावावरची बुरशी तेवढी माहीत. पण तू? कृषी महाविद्यालयात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते धागे मला कुणी दाखवले? "आपा, मूळ पोचत नाही तिथलं पाणी ही बुरशी आणून देते. मुरमाड जमिनीत झाडाला हिचाच आधार," हे कोण म्हणालं होतं? ते डोक्यात राहिलं म्हणून तर मी राईत गेले. तुला सगळं कळत होतं आणि तू तोंडाला कुलूप लावलंस. याची मला चीड येते, अजून येते, भाकरी थापताना येते.

आणखी एक आहे. इतके दिवस अम्मीलाही सांगितलेलं नाही. मी ओरडत धावत आले, तेव्हा तू आधी साहेबाकडे बघितलंस आणि मग मला म्हणालास, "बाई, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा."

बाई. जिच्या कडेवर बसून तू कान्ह्याच्या रेल्वे फाटकावर गाड्या बघितल्यास, ती बाई. रोपं मेली त्याचं दुःख वेगळं. हे वेगळं आहे.

औषध मारण्याआधी मावशींनी चार रोपं बांधावर लावायला नेली होती. तोच उतार, तोच मुरूम, टँकर नाही. चारही जगलीत. करंजाला नवी पालवी फुटलीय, मी हात लावून पाहिला.

येत्या पावसाळ्यासाठी मी मावशींकडे पुन्हा माती मागितली. त्या रागावल्या नाहीत. पण म्हणाल्या, "तुला न्हाई देनार. ज्यानं ती मारली, त्यानं यावं. काय केलं ते देवीला सांगू दे, गावाम्होरं. मग लावू कौल."

तर रविवारी सकाळी ये. साहेबाला विचारू नकोस. राईच्या तोंडाशी चपला काढाव्या लागतील. नथूलाही बोलावलंय. मी तिथेच असेन, पण या वेळी बाजूला उभी राहणार नाही.

आज खाली नुसतं नाव लिहिते. त्याच्यापुढे आपा लावायचं की बाई, ते गावासमोर तूच बोल.

इफ्फत