कडेवरचं नाव

बाबा, उद्या सकाळी अकरा वाजता तुमची नात माझ्या आजोबांचं, तुमच्या वडिलांचं, पदक उजव्या छातीवर लावून ब्रिस्टलच्या युद्धस्मारकासमोर उभी राहणार आहे, आणि ते पदक आजोबांचं नाही हे त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला माहीत असेल. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आज मात्र जेवणाचं ताट तसंच बाजूला सारून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे, कारण मला भांडायचं आहे आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस जागेवर नाही. चार वाजता ती पदक न्यायला येईल. तोपर्यंत तिला काय सांगायचं ते ठरवायला हवं.

तुमचं कपाट अजून वरच्या छोट्या खोलीतच आहे. दोन तलवारी, ती मूठ हललेली कट्यार, गोऱ्या अधिकाऱ्याची सरळ पात्याची तलवार, तीन संगिनी आणि सपाट खणांमधली पदकं. रविवारी इतर डॉक्टर गोल्फला जायचे आणि तुम्ही मला गाडीत घालून कुठल्या तरी हॉलमधल्या बाजारात न्यायचात. तिथे टेबलांवर मेलेल्या सैनिकांचं सामान मांडलेलं असायचं आणि सगळीकडे ओल्या कोटांचा वास. पात्याला बोट लावू नकोस, म्हणायचात, घामाने गंज चढतो. पदक हातात घेतलंस तर राजाचं तोंड बघत बसू नकोस, कड बघ. राजा सगळ्यांवर सारखाच असतो, माणूस कडेवर असतो. नंबर, नाव, पलटण. तुम्ही भिंग डोळ्याला लावायचात आणि ते नाव मोठ्याने वाचायचात, हजेरी घेतल्यासारखं. आपल्याकडचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलायचा. एकदा एका पदकाची कड घासून गुळगुळीत केलेली होती. विकणारा म्हणाला, चांदी तर चांगली आहे. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत आणि गाडीत बसल्यावर मला म्हणालात, "नाव घासणारा माणूस चोरापेक्षा वाईट. चोर वस्तू नेतो, हा माणूसच नेतो." मी दहा वर्षांची होते. मी ते वाक्य शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं, बाबा. त्यावर तारे काढले होते.

खंडेनवमीला ते सगळं कपाट खाली यायचं. दिवाणखान्यात चटई, चटईवर पांढरी चादर, तिच्यावर शस्त्रं, पदकं आणि एका टोकाला हॉस्पिटलमध्ये तुम्ही भूल देताना वापरायचात तो लॅरिंगोस्कोप. झेंडू मिळायचा नाही म्हणून आई शेवंतीची फुलं आणायची. निरांजन लावलं की धुराचा अलार्म वाजायचा, मग तुम्ही सोवळ्यातच स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढायचात. हळदकुंकू लावायचं काम माझं. अकराव्या वर्षी मी सगळ्यांना लावत लावत आजोबांच्या पदकापाशी आले. त्याला तुम्ही कायम फक्त फूल वाहायचात. मला वाटलं, घरच्याच माणसाला कुंकू नाही हे बरं दिसत नाही. मी बोट बुडवलं आणि नाव नीट उठून दिसावं म्हणून कडेवरून गोल फिरवायला लागले. तुम्ही माझ्या हातातून ते हिसकावलंत. इतक्या जोरात की माझ्या अंगठ्याला पिन लागून रक्त आलं. "याला कुंकू नाही म्हणून सांगितलंय ना? अक्कल गहाण ठेवलीस का?" आई पळीपंचपात्र हातात घेऊन तशीच उभी राहिली. तुम्ही पदक न्हाणीघरात नेलंत, नळ खूप वेळ वाहत होता. मी रडत रडत स्वतःला समजावलं की चांदीला कुंकू सोसत नसेल. बाकीची पदकंही चांदीचीच होती, पण अकरा वर्षांची मुलगी बापाविरुद्ध पुरावे गोळा करत नसते.

आजोबांची गोष्ट मात्र तुम्ही किती रंगवून सांगायचात! हॉस्पिटलच्या मेसमध्ये कुणी तरी सर्जन नोव्हेंबरमध्ये कोटाला युद्धातल्या मृतांच्या आठवणीचं लाल फूल लावून तुम्हाला म्हणाला होता, युद्धात तुमच्या लोकांनी काय केलं? तुम्ही म्हणालात, पहिल्या महायुद्धात माझे वडील मेसोपोटेमियात होते. तो म्हणाला, मग त्यांचं पदक असेल ना? आणि तुम्ही म्हणालात, आहे. त्यानंतर साताऱ्याहून काकांनी पाठवलेलं ते पदक तुम्ही मेसच्या टेबलावर ठेवलंत आणि तो सर्जन उठून उभा राहिला. ही गोष्ट मी माझ्या वर्गात सांगितली, लग्नानंतर सासरी सांगितली, आणि तुमच्या नातीला तर झोपवताना सांगितली. मधे एकदा साताऱ्याला आत्याने आपले पाय पुढे करून मला म्हटलं होतं, "तुझ्या आजोबाचं लढाईचं पदक? अगं, ते माझ्या पायात गेलं. लग्नात त्याचीच जोडवी केली." मी परत आल्यावर तुम्हाला हसत हसत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. "आत्याचं आता वय झालंय," म्हणालात आणि पेपर वर धरलात. तेव्हा आत्या जेमतेम साठीची होती आणि तिला अख्ख्या गावाच्या सोयरिकी तोंडपाठ होत्या.

तुमच्या नातीला तेच विचारलं गेलं. ती विमानाच्या पंखांचं डिझाइन करते, टीममध्ये ही एकटीच आपली. जेवणाच्या सुट्टीत कुणी तरी सहज म्हणालं, हे स्मारकबिरक म्हणजे तुमच्यासाठी जरा लांबचीच गोष्ट असेल, नाही का? ती घरी आली ती तावातावाने. "आई, मी त्यांना स्ट्रेट सांगितलं, माय ग्रेट-ग्रँडफादर वॉज देअर. आपल्याकडे त्यांचा मेडल आहे." मग स्मारकाच्या कार्यक्रमात तिला बोलावणं आलं, ज्याने त्याने आपल्या माणसाचं नाव वाचायचं. तिने ऑफिसला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. यंदा खंडेनवमीची पूजासुद्धा तिनेच करायला लावली, तुमच्यामागे पहिल्यांदाच. मी नैवेद्याचं बघत होते तेवढ्यात तिने सगळ्यांना हळदकुंकू लावून टाकलं, आजोबांच्या पदकालासुद्धा, चांगलं कडेवरून, सढळ हाताने. मला जुनी भीती वाटली. मग म्हटलं, रागवणारं आता कोण आहे? कुंकू तसंच राहिलं.

परवा गुरुवारी त्या पदकाची फीत बदलायला मी तुमच्या त्या बाजारातल्या ओळखीच्या म्हाताऱ्याकडे गेले. तो अजून आहे. हात थरथरतात, पण भिंग लावलं की स्थिर होतात. त्याने पदक फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. "हे लाल काय आहे?" मी सांगितलं, पूजेचं. त्याने भिंग काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टरांनी तुला याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं?" मला वाटलं, ते नकली आहे असं सांगणार. तो म्हणाला, "आय डिड इट." माझ्या आयुष्यात असं काम मी एकदाच केलं, म्हणाला. त्याच्या बायकोच्या मोठ्या ऑपरेशनला तुम्ही भूल दिली होती आणि ती शुद्धीवर येईपर्यंत स्वतः शेजारी बसला होतात. तुम्हाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तुम्ही दोन वर्षं शोधून आजोबांच्याच पलटणीतल्या दुसऱ्या कुणाचं पदक मिळवलं होतंत. पलटण तशीच ठेवायची, नंबर आणि नाव घासायचं आणि तिथे आजोबांचं घालायचं. त्याने विचारलं होतं, जुनं नाव कुठे लिहून ठेवू का? तुम्ही म्हणालात, "नको."

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. सुबक, सरळ अक्षरांत आजोबांचं नाव, आणि त्याच्या पोटात, पूर्ण न घासल्या गेलेल्या खोलगट रेघांमध्ये, कुंकू बसलेलं. नंबरातले शेवटचे दोन आकडे. नावाची शेवटची तीन अक्षरं. म्हातारा म्हणाला, "पलटण माहीत आहे. चिकाटीचं कुणी असेल तर एवढ्यावरून तो सापडेल." अंगठ्याला पिन लागली होती ती जागा मला पंचेचाळीस वर्षांनी दुखली, खरंच सांगते.

तुम्ही मला नाव वाचायला शिकवलंत ना? मग हा कोण होता? आजोबांच्या शेजारी झोपणारा? त्यांच्याबरोबर तहानेने तडफडलेला? आजोबा खरोखर गेले होते, त्यांचं पदक खरोखर होतं, ते जोडव्यांत गेलं ही काय लाजेची गोष्ट होती? त्या सर्जनला सांगायचं होतं, माझ्या बहिणीच्या पायात आहे म्हणून. तुम्हाला त्या टेबलावर मान खाली घालायची नव्हती, ते मला कळतं. मीही इथेच वाढले आहे, मलाही ते प्रश्न विचारले गेले आहेत. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. मला तुमचा राग आला आहे, बाबा. तुम्ही जिवंत असताना आला नाही इतका आला आहे. पावणेचार झाले. मी तिला सांगणार आहे. तुमचं भिंग टेबलावर काढून ठेवलं आहे, ती आली की आधी हातात भिंगच देते.

आता रविवारची दुपार आहे. पत्र काल इथेच थांबलं होतं.

स्मारकापाशी थंडी होती. तिने काळा कोट घातला होता आणि उजव्या बाजूला पदक. स्वतःची डावीकडे लावतात आणि पूर्वजांची उजवीकडे, हे तिने मलाच समजावून सांगितलं. तिच्या ऑफिसातली चार माणसं आली होती, तो लांबच्या गोष्टीवालाही. तिची पाळी आली तेव्हा ती पुढे गेली आणि तिने आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं आपल्या पद्धतीने, न अडखळता वाचलं. तुमच्यासारखं, हजेरी घेतल्यासारखं. मग दोन मिनिटांची शांतता. सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्या डोक्यात मात्र ती तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती, आणि त्यांच्या आधीचं नाव काही केल्या जुळत नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी एक वयस्कर निवृत्त सैनिक तिच्याजवळ आला. डावीकडे त्याची स्वतःची चार पदकं. "मे आय?" म्हणून त्याने खाली वाकून पदकाची कड दोन बोटांत धरली आणि चष्मा कपाळावर चढवला. मी कप टेबलावर ठेवला. तो सावकाश वाचत होता. माझ्या मनात आलं, आत्ता हा मान वर करेल आणि माझ्या पोरीकडे बघेल. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "किती स्वच्छ आहे. कालच घडवल्यासारखं." ती खुलली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ ना आई, ह्यांना पण आवडला." मी हसले.

स्वच्छ का होतं ते तुम्हाला सांगायला हवं. काल चारला पाच कमी असताना तिची गाडी दारात आली. मी खिडकीतून पाहिलं, ती उतरली, कोटाची पिशवी नीट हातावर घेतली आणि स्वतःशीच हसली. तेवढंच पाहिलं मी. भिंग खणात टाकलं, पदक उचललं आणि न्हाणीघरात नेलं. नळ सोडला. जुन्या दात घासायच्या ब्रशने कड घासली, आधी हळू आणि मग जोरात, पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग नितळ होईपर्यंत. ती दारातून हाका मारत होती आणि मी "आले, आले" म्हणत होते. खाण तशी माती, आई म्हणायची, आणि ती हे कौतुकाने म्हणायची.

भिंग खणात आहे, पदक डबीत आहे. त्यातलं आता किती दिसतं ते मी बघितलेलं नाही. ते दोन आकडे आणि ती तीन अक्षरं मला पाठ आहेत, पण या वयात पाठ असण्याचा काय भरवसा? हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुणाच्या हाती पडायचं नाही, तरीसुद्धा, बाबा, इतकं सगळं तुम्हाला लिहिलं आणि ती तीन अक्षरं काही मी इथे लिहिलेली नाहीत.