रिकाम्या खुर्चीची हरकत

प्रिय बडबडे,

तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, तुझ्या प्रवेशाचा घोळ अजून मिटला नाही आणि घरात सगळे एका सुरात नोकरीचा विषय घे म्हणताहेत. मीही परवापर्यंत तेच म्हणत होते. माझाच विभाग बंद व्हायला निघालेला; पोरीला कशाला त्या खड्ड्यात ओढायचं?

लहानपणी तू विचारायचीस, मावशी, तू शिकवतेस तरी काय? अर्थशास्त्राचीच एक शाखा गं; बाकीचं अर्थशास्त्र खेळ कसा जिंकावा ते सांगतं. खेळाचे नियम कुणी केले, आणि ते ज्यांना पाळायचेत त्यांना विचारलं होतं का, एवढं आम्ही बघतो. म्हणून तर आमच्या जुन्या सरांनी बैठकीत एक खुर्ची रिकामी ठेवायची पद्धत पाडली. जे अजून आलेले नाहीत, पण आपले नियम ज्यांच्या माथी येणार, त्यांची ती खुर्ची. ठराव झाला की तिच्याकडे वळून विचारायचं, काही हरकत? क्षणभर थांबायचं, मग सही. सर गेले, तरी शिपाईमामा तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवतात. नवे लोक हसतात, पण तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवत नाहीत.

सोमवारी विभाग बंद करायचा ठराव आला. यापुढे नियम यंत्रं आकडेमोड करून काढतील, माणसांना विचारत बसायला वेळ कुणाला आहे, असं प्रमुखबाई म्हणाल्या. मीही हात वर केला. दमले होते गं. बाईंनी सवयीनं खुर्चीला विचारलं. आणि उत्तर आलं.

"मला कुणी विचारलं?"

भरदुपारी, दार लावलेलं. बाईंनी कागद मिटले, ठराव पुढच्या बैठकीवर गेला. मामा पेले उचलायला आले तेव्हा त्या पेल्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आज तहान लागली वाटतं."

आवाज पोक्त बाईचा होता, जरा घोगरा. पण तुम्ही घर बदललंत तेव्हा, तुझी शाळा बदलली तेव्हा, कमरेवर हात ठेवून तू हेच विचारायचीस, शेवटचा शब्द असाच ओढून. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून हे पत्र. सल्ला द्यायचा नाहीये. तुझ्या बाबतीतही मी सगळ्यांबरोबर हात वर केला होता, तो खाली घेते. पुढच्या बैठकीतही तो खालीच राहील. तुला काय शिकायचंय, बाळा? हे विचारायचंच राहून गेलं होतं.

क्षणभर थांबलेली,
तुझीच मावशी